लोखंडी हातमोजा

अनुवादाची कामं नुकतीच घ्यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका इंग्रजी लेखात दोन पुढाऱ्यांची जुंपली होती आणि त्यातल्या एकाने ‘थ्रू डाउन द गॉन्टलेट’ केलं होतं. मी शब्दकोश उघडला आणि बिनदिक्कत लिहून टाकलं, ‘त्याने हातमोजा खाली टाकला.’ संपादकांनी समासात पेन्सिलीने विचारलं, ‘मग हाताला थंडी वाजली का?’

मोजा लोकरीचा नव्हता, हे मागाहून कळलं. मध्ययुगीन युरोपातल्या सरदाराच्या चिलखताचा तो पंजा. आतून कातडं, वरून पत्रा. बोटांवरचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, म्हणजे मूठ वळावी. तो समोरच्याच्या पायाशी खणकन टाकायचा. त्याने उचलला की द्वंद्व ठरलं. इंग्लंडात तर राज्याभिषेकाच्या मेजवानीतही हे चाले. डायमोक घराण्यातला वीर चिलखत चढवून, घोड्यावर बसून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये यायचा आणि नव्या राजाचा हक्क ज्याला मान्य नसेल त्याच्यासाठी तीनदा मोजा टाकायचा. १८२१ साली चौथ्या जॉर्जच्या वेळी हा सोहळा शेवटचा झाला. गर्दीला बुजू नये म्हणून घोडा सर्कशीतून आणला होता! मोजा अर्थातच कोणी शत्रूने उचलला नाही.

आपला विडा आठवतो, पण तो उचलणारा कामगिरी अंगावर घेतो, भांडण नव्हे. संपादकांनी ‘शड्डू ठोकला’ सुचवलं. अर्थ चपखल, फक्त लोखंडी मांडीवर लोखंडी पंजा आपटला तर केवढा आवाज होईल, याच विचाराने मला हसू आवरेना.

‘रन द गॉन्टलेट’मध्ये तर मोजाच नाही. गुन्हेगार शिपायाला दोन रांगांमधून पळवायचं आणि दोन्हीकडून बडवायचं, या शिक्षेला स्वीडिशमध्ये ‘गातलोप’ म्हणत, म्हणजे गल्लीतली धाव. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला आणि कानामागून मोज्यात शिरला.

मला सगळ्यात आवडते ती ‘चिंक इन द आर्मर’, चिलखतातली फट. वीस-पंचवीस किलोचं पोलाद अंगावर, पण काखेत पत्रा कसा बसवणार? हात वर व्हायला नको? तिथे कड्यांची जाळी लावत. आणि डोळ्यांपुढे तर फट ठेवावीच लागे. १५५९ साली पॅरिसमध्ये, मुलीच्या लग्नाच्या उत्सवात, फ्रान्सचा राजा दुसरा आन्री हौसेने भालाझुंजीत उतरला. प्रतिस्पर्ध्याचा भाला मोडला आणि त्याची ढलपी शिरस्त्राणातून डोळ्यात घुसली. व्हेसालियससारखा शरीरशास्त्रज्ञ धावून आला, पण दहा दिवसांत राजा गेला.

आता आपलं बघा. संस्कृतात ‘वर्म’ म्हणजे चिलखत. मराठीत ‘वर्मावर बोट ठेवलं’ म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी. इंग्रजांना चिलखतात फट शोधावी लागली. व्युत्पत्ती काही असो, ऐकताना वाटतं, आपण फटीलाच चिलखताचं नाव देऊन मोकळे!

हे सुचल्यावर राहवेना. संपादकांना फोन लावून सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“छान आहे. बाकीची चाळीस पानं कधी देताय?”

बरोबर वर्मावर.