शोकेसमधला स्टिरिओ

१९९७ सालच्या दसऱ्याला आमच्या घरी आलेला छोटा स्टिरिओ पुढची तेवीस-चोवीस वर्षे दिवाणखान्यातल्या शोकेसच्या एकाच कप्प्यात बसून होता. दोन कॅसेटचा डेक, तीन सीडींचा फिरता ट्रे, रेडिओ आणि दोन सुटे स्पीकर असा तो संच होता, आणि त्याच्या डोक्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरलेला असे. पहिल्या दिवशी बाबांनी स्पीकर रीतसर टीव्हीच्या दोन्ही अंगांना मांडले होते. दुसऱ्याच दिवशी पडद्याच्या दोन कोपऱ्यांत हिरवट-जांभळे डाग दिसू लागले. त्या काळच्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र काढणारा इलेक्ट्रॉनचा झोत शेजारच्या चुंबकाने सहज वाकत असे, आणि स्पीकर म्हटला की त्यात चुंबक आलेच. बाबांनी दोन्ही स्पीकर टीव्हीपासून दूर, शोकेसच्या टोकाच्या कप्प्यात एकावर एक रचले, एका स्पीकरची वायर तोकडी पडली म्हणून तिला जोड दिला, आणि तो प्रश्न घरापुरता कायमचा मिटला.

त्या संचात खर्ज, म्हणजे खालचे घुमणारे सूर, नाही अशी तक्रार घरात सगळ्यांची होती. तबल्याचा दायाँ खणखणीत ऐकू येई, पण बायाँ पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखा वाजे. त्यावर सगळ्यांचे उत्तरही एकच होते, की खोकी लहान आहेत, त्यातून आवाज तो किती येणार. हे उत्तर इतके पटण्यासारखे होते की ते तपासून पाहण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. खोक्यांच्या लहानपणाच्या माथी काय काय मारले गेले होते, आणि त्यातले खरोखर लहानपणाचे किती होते, हे मला तो संच दुरुस्त करताना कळले.

दुरुस्तीची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती या जातीच्या सगळ्याच जुन्या संचांची कथा आहे. कॅसेट फिरत नव्हती, कारण मोटारीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या रबरी बेल्टचे चिकट काळे डांबर झाले होते. सीडी वाचली जात नव्हती, कारण लेसरच्या भिंगावर धूळ बसली होती. डांबर स्पिरिटने पुसून काढायला एक अख्खा रविवार गेला. बेल्टच्या मार्गावरून दोरा फिरवून माप घेतले आणि त्याहून किंचित आखूड बेल्ट पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला, कारण बेल्ट ताणलेलाच बसायला हवा. भिंग कापसाने हलकेच पुसले. एवढ्यावर यंत्र सुरू झाले.

खरी गंमत स्पीकर शोकेसबाहेर काढल्यावर झाली. वायर नव्याने जोडण्याआधी मी दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याचे धन टोक स्पीकरच्या लाल टोकाला आणि ऋण टोक काळ्या टोकाला क्षणभर टेकवले. जुने मेकॅनिक ही चाचणी हमखास करतात. जोडणी बरोबर असेल तर कागदी शंकू पुढे सरकतो, उलटी असेल तर मागे जातो. दोन्ही स्पीकर सरळ होते. मग मी यंत्राकडून येणाऱ्या वायरी तपासल्या, आणि बाबांनी दिलेल्या जोडापाशी लाल वायर काळीला आणि काळी लालला बांधलेली सापडली.

याचा अर्थ असा की चोवीस वर्षे एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत होता. वरच्या सुरांना त्याने फारसा फरक पडत नाही, कारण त्यांच्या लहरी आखूड असतात आणि दोन स्पीकरमधल्या अंतरामुळे त्या कुठे जुळतात, कुठे कापल्या जातात. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, सुराची लहर मात्र जवळजवळ सात मीटर लांब असते. तिच्या तुलनेत एकावर एक रचलेले दोन स्पीकर म्हणजे एकच बिंदू होय, आणि त्या बिंदूवर एकाने दिलेले दुसऱ्याने जागच्या जागी परत घेतले. खर्ज मारण्यासाठी याहून परिपूर्ण मांडणी ठरवूनही जमली नसती. वायर उलटून लावली आणि पहिल्यांदा बायाँ घुमला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दुसरा कुठला रेडिओ लावलास का, असे विचारून गेली.

त्यानंतर मी दोन्ही स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे, एकमेकांपासून पाच फुटांवर आणि साधारण कानाच्या उंचीवर ठेवले. ऐकणाऱ्याची खुर्चीही दोन्हींपासून पाच फुटांवर मांडली, म्हणजे तिन्ही मिळून समभुज त्रिकोण झाला. भिंतीपासून पुढे आणण्याचे कारण खोक्याच्या पाठीमागचे भोक. त्या भोकातून खालचे सूर बाहेर पडतात, आणि शोकेसच्या फळीने ते बुजवल्यासारखे झाले होते. शिवाय कप्प्याची पोकळी स्वतःच घुमत असे, त्यामुळे पुरुषी आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येई. याचाही दोष आम्ही खोक्याच्याच पदरात टाकला होता.

दोन स्पीकरमधून दोन वेगवेगळे ध्वनी देऊन समोर एक सलग देखावा उभा करण्याची कल्पना इंग्लंडमधल्या अॅलन ब्लुमलाइन या अभियंत्याने १९३१ साली पेटंटसाठी मांडली. तिची सगळी मदार दोन कानांना मिळणाऱ्या किंचित फरकावर आहे. एका बाजूने येणारा आवाज जवळच्या कानाला आधी पोहोचतो आणि दूरच्या कानाला नंतर. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका असतो, पण मेंदूला दिशा ठरवायला तो पुरतो. एकावर एक रचलेल्या स्पीकरांमधून हा फरक निघणे शक्यच नाही. थोडक्यात, स्टिरिओ म्हणून घेतलेले यंत्र आम्ही इतकी वर्षे महागड्या मोनोसारखे, म्हणजे एकाच जागेवरून बोलणाऱ्या यंत्रासारखे, वापरत होतो.

त्रिकोणात बसून मी एका खयालगायनाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. गायक दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही अशा रिकाम्या जागी उभा राहिला. तबला मात्र उजवीकडे होता आणि संवादिनी डावीकडे, आणि ते कानाला खटकत राहिले. आपल्याकडे मैफलीत तबलजी गायकाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे श्रोत्यांना तो डावीकडे दिसतो. प्रत्येक मुद्रणात ही मांडणी पाळली जाते असे नाही, विशेषतः स्टुडिओत केलेल्या मुद्रणात. पण मैफलीतली आणखी दोन मुद्रणे लावून पाहिली तर तिथेही तबला उजवीकडेच. माझ्याच हातून डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल झाली होती. ती सुधारल्यावर तबलजी आपल्या जागी जाऊन बसला. बाबांच्या जोडाला हसणाऱ्याने हेही नमूद केलेले बरे.

आता लहान खोक्याचे जे खरेखुरे लहानपण आहे, त्याकडे येतो, कारण सगळा दोष वायरीचा होता असे मी म्हटले तर तेही खोटेच ठरेल. स्पीकरचे घर लहान करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत एडगर विल्चर यांनी केला. १९५४ साली त्यांनी हवाबंद खोक्यात स्पीकर बसवून आतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, आणि कपाटाएवढ्या खोक्यांचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा खोक्यातून काढून दाखवला. या कामात त्यांचे भागीदार असलेले हेन्री क्लॉस पुढे केएलएच या कंपनीचे एक संस्थापक झाले. त्या कंपनीच्या नावातले शेवटचे अक्षर ज्यांचे, ते जोसेफ अँटन हॉफमन हे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे पुत्र. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा आहे, की लहान खोके, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टीच तुमच्या हाती लागतात.

हा नियम हिशेबात किती कठोर आहे, हे आमच्याच संचावरून सांगतो. आमच्या एकेका खोक्याच्या आतली जागा जेमतेम आठ लिटर भरते, आणि ८० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. तेवढ्याच विजेत तेवढाच मोठा आवाज राखून ४० हर्ट्झपर्यंत, म्हणजे आणखी एक सप्तक खाली, उतरायचे असेल तर खोके दुप्पट करून भागत नाही, ते आठपट करावे लागते. म्हणजे प्रत्येकी चौसष्ट लिटर, साधारण पन्नास किलो गहू मावतील अशा दोन कोठ्या दिवाणखान्यात मांडायच्या. खोके तेवढेच ठेवायचे असेल तर वीज आठपट पुरवावी लागेल, आणि ती पचवण्याची ताकद त्या छोट्या शंकूत नाही.

विजेवरून संचाच्या पुढच्या बाजूला चिकटवलेल्या सोनेरी पट्टीची आठवण होते. तिच्यावर १२०० वॅट पीएमपीओ (म्हणजे क्षणभर मिळू शकणारी कमाल ताकद) असे ठसठशीत छापलेले आहे. लहानपणी मी हा आकडा शाळेत मिरवला होता, आणि शेजारच्यांचा १५०० वॅटचा संच आला तेव्हा दोन दिवस मान खाली घालून वावरलो होतो. यंत्राच्या पाठीवरच्या पत्र्यावर मात्र बारीक अक्षरांत लिहिलेले आहे, की ते भिंतीतून ६५ वॅट वीज घेते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेतून क्षणार्धाचा एखादा उसळता ठोका मोठा निघू शकतो हे खरे, पण सतत मिळणारी ताकद उष्णतेत जाणारा वाटा वजा करून स्पीकरमागे पंधरा वॅटच्या आसपासच उरते. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नसल्याने पट्टीवर कोणताही आकडा छापायला मोकळे रान होते. राग येतो तो एवढ्याचसाठी, की दहा-बाय-बाराच्या खोलीला ते पंधरा वॅट भरपूर होतात आणि खरा आकडा छापला असता तरी संचाची काही अब्रू जाणार नव्हती.

८० हर्ट्झच्या खाली उतरत नाही म्हणून आपल्या संगीताचे फार अडते असेही नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकवर लावला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. आमचा स्पीकर त्या सुरापर्यंत पुरता पोहोचत नाही, तरीही खर्जाची तार ऐकू येते. याचे कारण असे, की जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीची घडण, चांगली काढलेल्या तारेतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर भरभरून निघत असतात. ते सूर कानावर पडले की मेंदू त्यांच्यावरून मूळ सूर स्वतःच उभा करतो. टेलिफोनवर बाबांचा जाड आवाज जाडच वाटत असे, त्यामागेही हेच होते. जिथे सुराला अशी वरची कुमक नसते, तिथे मात्र लहान खोके उघडे पडते. चित्रपटगीतांतला नुसता घुमणारा विजेचा बास आमच्याकडे अजूनही अर्धपोटीच ऐकू येतो.

रात्री आणखी एक अडचण येते. इमारतीच्या भिंती पातळ असल्याने दहानंतर आवाज अगदी हळू ठेवावा लागतो, आणि तो हळू केला की खर्ज सर्वांत आधी नाहीसा होतो. यात स्पीकरचा काही दोष नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करून दाखवले, की मंद आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा फारच कमी ऐकू येतात. संचावरचे खर्ज वाढवणारे बटण मी जाणकारीचा आव आणून बरीच वर्षे तुच्छ मानले होते. आता रात्री ते दाबतो आणि सकाळी आठवणीने काढतो, कारण दिवसाच्या आवाजात तेच बटण बायाँला चिखलात लोळवते.

आईची एकच हरकत उरली आहे, ती म्हणजे उजव्या स्पीकरच्या स्टुलाला केर काढताना झाडू अडतो. गणपतीत त्याच जागी मखर येते. तेव्हा स्टूल आत जाते, दोन्ही स्पीकर दहा दिवस शोकेसमध्ये पूर्ववत एकावर एक चढतात, आणि वायर मी स्वतः तपासून लावतो.