कुठे वाचलंस?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण मोबाईलवर आलं तेव्हा मी कोर्टाच्या आवारात होते. स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं खाली लिहिलं होतं. मैदान, स्नेहसंमेलन, आपले मुख्याध्यापक यांच्यावर लिहिणारे पुष्कळ असतील. मला फक्त वाचनालयाच्या बाईंवर लिहायचं आहे.

आठवीत 'आपलं नाशिक' हा प्रकल्प होता. मी बाबासाहेब आंबेडकरांचा काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह निवडला आणि गाइडमधून उतरवून दिलं की तो 1935 साली सुरू झाला. बाईंनी लाल रेघ मारली नाही. आकड्याखाली पेन्सिलीने बारीक लिहिलं, 'कुठे वाचलंस? कोणी लिहिलंय?' शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या मला टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन गेल्या. 1840 सालचं वाचनालय, सगळीकडे मोठी माणसं. आत माझा आवाजच फुटेना.

बाबासाहेबांचं चरित्र मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बाईंनी ते हळूच उलटं करून शेवटची सूची उघडली. त्यांचं बोट 'क'वरून खाली येत 'काळाराम'वर थांबलं. पुढे पानांचे आकडे होते, ते मी बसच्या तिकिटामागे लिहून घेतले. सत्याग्रह सुरू झाला 2 मार्च 1930 रोजी. धर्मांतराची येवल्याची घोषणा झाली ती 13 ऑक्टोबर 1935ची, आणि गाइडवाल्याने दोन्हींची गल्लत केली होती. देवळाच्या बंद दाराशी माणसांनी जे सोसलं, मार खाल्ला, ती मधली सगळी वर्षं माझ्या वहीतून गेली होती. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "आता दुसरं पुस्तक काढ. तेही हेच सांगतंय का बघ."

दहावीला असताना शाळेत इंटरनेट आलं. बाई आमच्याआधी शिकल्या. नेमके शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधायचे, माहिती कोणी आणि कधी टाकली ते बघायचं, विकिपीडिया वाचला तर तळाशी जाऊन संदर्भ उघडायचे. पुढे नाशिक जिल्ह्याचं 1883चं गॅझेटिअर मला घरबसल्या संगणकावर सापडलं. आनंदाने बाईंना फोन केला, तर पहिला प्रश्न, "सूची बघितलीस?"

आज माझं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली चार ज्युनिअर आहेत. कुणी मोबाईलवर आलेला निवाडा दाखवला की मी मूळ निकालपत्र मागते. ते वाचल्याशिवाय मी आजवर एकही दाखला न्यायाधीशांपुढे ठेवलेला नाही. वकिली मी कॉलेजात शिकले, पण ही सवय बाईंची.

परवा शाळेत जाऊन आले. वाचनालयाच्या खोलीत आता डिजिटल वर्ग भरतो. पडद्यावर उत्तर झटकन येतं, मुलं ते उतरवून घेतात. 'कुठे वाचलंस' असं विचारणारं तिथे कुणी नाही, याचं फार वाईट वाटलं. कार्डांचं लाकडी कपाट जिन्याखाली धूळ खात पडलंय. एक खण ओढून पाहिला. 920 चरित्रं, 954 भारताचा इतिहास, सगळी कार्डं बाईंच्या त्याच बारीक अक्षरात.

समितीला विनंती आहे, प्रदर्शनात ते कपाट पुसून दर्शनी भागी ठेवा. डागडुजीचा खर्च माझा. आणि त्या दिवशी बाईंना घरून आणायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नका.