टायर घासतोय कुठून ते आधी बघा

पिकअपचे टायर संपले की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, कुठल्या कंपनीचा टाकू? तुर्भ्याला आमच्या गाड्या लागतात तिथे चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की अर्धा तास कुठे गेला कळत नाही, कोण म्हणतं अमुक कंपनीचा टायर जास्त चालतो, कोण म्हणतं छे तो लवकर तापतो, आणि या सगळ्यात संपलेला टायर तिथेच गाडीला लावलेला असतो पण त्याच्याकडे वाकून कोणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनी नंतर ठरवा, जुना टायर कुठून घासलाय ते आधी बघा. ज्या कारणाने तो घासला ते कारण गाडीत तसंच राहिलं तर कितीही महागाचा टायर टाका, तोही तसाच जाणार.

मी बोलतोय ते बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, छोटा हत्ती असल्या मालाच्या छोट्या गाड्यांबद्दल. कारच्या टायरची माहिती नेटवर ढीगभर आहे पण ती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. कारमध्ये एक जण बसला काय आणि चार बसले काय, वजनात फार फरक पडत नाही. पिकअपचं तसं नाही. पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून गोणी भरून निघाली की मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, पार सरळ झालेले असतात, आणि तीच गाडी दुपारी घोडबंदर रोडवरून रिकामी परत येते तेव्हा मागून टणाटणा उडत असते. टायर तोच, हवा तीच आणि वजनात टनाहून जास्त फरक. आपल्या टायरचं निम्मं दुखणं इथेच आहे.

हवा कमी असली की टायरचा मधला भाग रस्त्यावर नीट दाबला जात नाही, भार दोन्ही कडांवर येतो, म्हणून दोन्ही कडा गुळगुळीत आणि मधली नक्षी चांगली असं दिसतं. हवा जास्त असली की उलटं, टायर मधून फुगतो आणि मधलाच पट्टा संपतो. ज्या गाड्या फुल लोडची हवा भरून महिनोन्महिने अर्ध्या मालावर किंवा रिकाम्या फिरतात त्यांचे मागचे टायर बघा, बहुतेक मधूनच गेलेले सापडतील. मग ड्रायव्हर वैतागून हवा कमी करतो, कारण रिकाम्या गाडीत त्याची कंबर जाते, त्याचंही चुकीचं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच कमी हवेवर माल भरला जातो आणि हे जास्त हवेपेक्षा कितीतरी वाईट. कमी हवेचा टायर प्रत्येक चक्कराला बाजूने दबतो आणि सुटतो, त्या दबण्या-सुटण्यात आतलं रबर आणि दोर तापतात, वर लोड, वर मे महिन्याचा सिमेंटचा रस्ता, आणि मग जो टायर फुटतो त्याला लोक म्हणतात टायरच खराब होता. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा आरटीओने नाक्यांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती, ते उगाच नाही. आता २०२५ पासून तो रस्ता आपल्या ठाणे जिल्ह्यात आमण्यापर्यंत आलाय, आणि गाडी तासन्‌तास एका स्पीडने पळवायची सवय आपल्या लोकल पिकअपवाल्यांना नाही, म्हणून हे जास्त लक्षात ठेवायला पाहिजे.

मग हवा ठेवायची किती? दरवाजाजवळच्या पट्टीवर नाहीतर मॅन्युअलमध्ये आकडा असतो, बऱ्याच गाड्यांना लोडचा आणि रिकामीचा वेगळा. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, जो छापलेला असतो तो टायरची मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीत किती भरायची ते नाही. माझं मत विचाराल तर ज्या दिवशी माल भरायचा त्या दिवशी लोडची हवा, परतीला रिकामी येताना उडाली तर उडू दे, स्पीड कमी ठेवा. आठवडाभर हलकंच भाडं असेल, फुलं, पॅकिंगचे खोके असलं काही, तर पट्टीवर लिहिलंय तेवढी कमी करा आणि परत लोड लागायच्या आधी भरून घ्या.

आणि हवा बघायची ती सकाळी गाडी हलवायच्या आधी. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा चार-पाच पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) तरी वर गेलेला असतो, मग तिथला पोऱ्या म्हणतो जास्त आहे आणि सोडून देतो, झालं, टायर थंड झाला की हवा कमी. नुसतं बाहेरचं तापमान पाच-सहा डिग्रीने बदललं तरी एक पीएसआयचा फरक पडतो. स्वतःचा गेज घ्या, काही शे रुपयांत चांगला मिळतो, आणि डॅशबोर्डमध्ये ठेवा. पंपावरच्या मशीनचा आकडा आणि आपल्या गेजचा आकडा कित्येकदा जुळत नाही, निदान आपण रोज एकाच गेजने मोजतोय एवढं तरी राहतं. व्हॉल्व्हच्या टोप्या हरवल्या असतील तर त्या पण लावा, पावसाळ्यात चिखल आत जाऊन पिन बसत नाही आणि हवा हळूहळू उतरत राहते.

आता हाताने बघायची गोष्ट. पुढच्या टायरवर तळवा आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका बाजूने जाताना गुळगुळीत लागलं आणि परत येताना नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या अडल्या तर समजायचं की टो, म्हणजे पुढच्या चाकांची सरळ रेषा, बिघडलाय, म्हणजे दोन्ही चाकं सरळ न चालता थोडी तिरकी घासत चाललीत. डोळ्याने हे अजिबात दिसत नाही, हाताला पटकन कळतं. आणि स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून टायरची आतली कड बघाच, कारण बाहेरून टायर नवाकोरा दिसतो आणि आतून तार दिसायला लागलेली असते.

आमच्याच एका गाडीचं सांगतो. आंब्याचा सीझन होता, गाडी फळ मार्केटला रात्रंदिवस लागलेली, डाव्या बाजूचा पुढचा टायर आतून पार साफ झालेला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, अलाइनमेंट तर आत्ता मागच्या महिन्यात केलीय." अलाइनमेंट म्हणजे मशीन लावून चाकं सरळ करून घेणं. केली होती हे खरं, बिल पण होतं. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी जॅक लावून चाक उचललं, दोन्ही हातांनी डावी-उजवीकडून धरून हलवलं तर खट्‌खट्‌ आवाज, स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा एंडच ढिला. मग वरखाली धरून हलवलं, तिथे ठीक होतं, म्हणजे बेअरिंग वगैरे शाबूत. मिस्त्री म्हणाले, "दादा, असा प्ले, म्हणजे ढिलेपणा असताना मशीनवर आकडा कितीही बरोबर आणा, पहिल्या खड्ड्यात हलणार." शिळफाट्याला रोज ये-जा करणाऱ्या गाडीला पहिला खड्डा यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहितीये. जिथे अलाइनमेंट केली तिथे चाक उचलून प्ले बघितलाच नव्हता, थेट मशीन लावून पैसे घेतले. याचा मला आजही राग आहे, कारण टायर आतून तारेवर आलेला आणि ड्रायव्हर त्यावर रात्रीचा मुंब्रा बायपास उतरत होता. तेव्हा अलाइनमेंटला गेलात की समोर उभं राहून सांगा, आधी चाक उचला, हलवून दाखवा, मग मशीन.

टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग नाहीये. एकाच जागी सपाट घासला असेल तर जोरात ब्रेक मारून चाक जाम झालं होतं. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले दोर तुटलेत, त्याला काही इलाज नाही, टायर काढायचा. घोडबंदरला पाणी भरलं की खाली खड्डा आहे की उखडलेला पेव्हर ब्लॉक ते दिसत नाही, लोडेड गाडी धाडकन आदळते आणि फुगा कधीकधी काही दिवसांनी वर येतो, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चारही साइडवॉल बघा, आतल्या बाजूने पण.

लोडचं बोलायला कोणाला आवडत नाही पण बोलावं लागेल. टायरवर साइजच्या पुढे एक आकडा असतो तो लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११० म्हणजे १०६० किलो. मोठ्या पिकअपला फुल लोडमध्ये मागच्या एक्सलवर गाडीच्या वजनासकट दोन टनांच्या वर सहज येतं. आता बघा, साइज तीच आणि स्वस्तात मिळतो म्हणून कोणी मागे १०० वाले कारचे टायर टाकले तर दोन टायरची ताकद १६०० किलो, म्हणजे कागदावरचा माल भरला तरी ते ओव्हरलोड. म्हणून साइज जुळली की झालं असं नाही, लोड इंडेक्स आणि प्लाय (आतल्या थरांची ताकद) बघून घ्या, जुन्या टायरपेक्षा कमी नको. आणि खरा ओव्हरलोड करणाऱ्यांना वेगळं काय सांगणार, २०१९ च्या कायद्यापासून दंडच २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. व्यापारी म्हणतो अजून चार गोणी टाका, भाड्यात थोडे वाढवून देतो, पण त्या चार गोण्यांनी टायर, पाटे, ब्रेक सगळ्यांचं आयुष्य कमी होतं आणि ते पैसे तो देत नाही.

टायर बदलायचा कधी? नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये छोट्या आडव्या रबरी पट्ट्या असतात, साइडवॉलवर त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय लिहिलंय त्याच्या रेषेत शोधा. नक्षी घासून त्या पट्टीला टेकली की १.६ मिलिमीटर उरली, तिथे टायर संपला. पण मी आपल्याकडच्या पावसात तिथपर्यंत थांबू नका असंच सांगेन, ३ मिलिमीटरच्या आसपास आला की जूनच्या आधी बदला. खाच आहे ती पाणी बाहेर फेकायला, खाचच उथळ झाली तर टायर पाण्यावर तरंगतो. त्यात रिकामी पिकअप म्हणजे मागे वजन नाही, हवा लोडची भरलेली, ठाणे-बेलापूर रोडच्या फ्लायओव्हरवर ओल्यात ब्रेक दाबला की मागून गाडी फिरायला वेळ लागत नाही. काही जण आरटीओच्या फिटनेस तपासणीपुरते, म्हणजे पासिंगपुरते, दुसऱ्या गाडीचे चांगले टायर लावतात आणि पासिंग झालं की परत गुळगुळीत टायर चढवतात. अरे, पासिंग कागदाचं होतं, गाडीत बसतो तो ड्रायव्हर आपलाच असतो ना.

टायर फिरवणं म्हणजे रोटेशन आठ-दहा हजार किलोमीटरला करा. चारही एकसारखे असतील तर मागचे सरळ पुढे, पुढचे क्रॉस करून मागे. पुढे रिबवाले (सरळ उभ्या खाचांचे) आणि मागे लगवाले (जाड आडव्या ठोकळ्यांचे) असतील तर पुढेमागे बदलू नका, फक्त डावा-उजवा, आणि साइडवॉलवर बाण असेल तर तेही नाही. रबर चढवलेला टायर मला मागे चालतो, केसिंग, म्हणजे जुन्या टायरचा सांगाडा, चांगली असेल आणि काम ओळखीच्या माणसाचं असेल तर. पुढे कधीच नाही. नायट्रोजनवर पैसे घालवायची गरज वाटत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, रोज गेज लावलात तर त्यापेक्षा जास्त फायदा होईल. पंक्चरला बाहेरून नुसती रबरी स्ट्रिप मारून महिने काढू नका, टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे छत्रीसारखा पॅच, लावून घ्या, आणि साइडवॉलला पंक्चर असेल तर ते काढायला सांगूच नका. टायर काळा दिसावा म्हणून डिझेलचा बोळा फिरवतात ते आधी बंद करा, डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं.

नवा टायर घेताना साइडवॉलवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्यांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल डिस्काउंटमध्ये देतात, तो घ्यायचा की नाही ते तुमच्यावर, पण आकडा वाचून घ्या.

राहिली स्टेपनी. ती गाडीखाली टांगलेली असते, चिखल सगळा तिच्यावर, आणि लागते तेव्हा बाहेर काढायची साखळी गंजून बसलेली असते. पावसाळ्याच्या आधी एकदा खाली उतरवा, साखळीला ग्रीस लावा, जॅक आणि पाना जागेवर आहे का बघा. स्टेपनीत हवा मागच्या टायरच्या लोडच्या आकड्याइतकी ठेवा, पुढे लावायची वेळ आली तर रस्त्यात सोडून कमी करता येते, भरता येत नाही.