थांब हं, बाळाचं पिऊन झालं की जाऊ

शुक्रवार, रात्र

उद्याची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. पाच महिन्यांच्या बाळासाठी सहा डायपर, दोन झबली, तीन दुपटी आणि अंथरायला एक मेणकापड. साडेतीन वर्षांच्या मधल्यासाठी दोन जादा चड्ड्या, कारण बाळ घरात आल्यापासून शू लागल्याचे सांगायला तो अधूनमधून विसरतो. साडेसहा वर्षांच्या थोरलीसाठी तिनेच निवडलेली चित्रांची वही. आणि तळाशी माझ्यासाठी एक जादा कपडा, कारण प्यायल्यावर बाळाला खांद्यावर घेतले की थोडे दूध बाहेर येतेच. पूर्वी आम्ही हे सारे सकाळी गोळा करत असू आणि निघेपर्यंत बाळाच्या झोपेची वेळ होत असे. या वयाचे बाळ एका वेळी जेमतेम दोन तास आनंदात जागे राहते. त्यातला एक तास घरातच सरला, तर बाहेर पोहोचते ते डोळे चोळणारे, कान ओढणारे, कुठेच न रमणारे बाळ, आणि मग त्याच्यासाठी बाकीच्या दोघांनाही परत फिरावे लागते.

मागच्या शनिवारी नेमके हेच झाले. मधल्याला तळ्यातली बदके पाहायची होती, म्हणून आम्ही बागेत गेलो होतो. फाटकातून आत शिरताच बाळ रडू लागले, मी पहिल्याच बाकावर बसून त्याला पाजायला घेतले, आणि मधला समोर उभा राहून विचारत राहिला, "आता जायचं?" मी म्हणत राहिले, "थांब, पाच मिनिटं." असे चार वेळा झाले. बाळ काही शांत होईना, ऊन चढत चालले, आणि शेवटी बदके न पाहताच आम्ही परतलो. येताना तो रडला नाही, त्याने हट्टही केला नाही; खिडकीतून बाहेर पाहत बसून राहिला. त्याचे ते गप्प बसणे आठवडाभर माझ्या मनातून गेलेले नाही.

आज दिवसभरात मी त्याला किती वेळा "थांब" म्हणते ते मोजायचे, असे सकाळी ठरवले होते. दुपारपर्यंत १९ झाले. त्यानंतर मोजण्याचा धीर झाला नाही.

शनिवार, रात्र

तिघेही झोपली आहेत. हात दुखत आहेत, पण आजचे आजच लिहून ठेवले पाहिजे.

निघणे तुलनेने सुरळीत झाले. दाराला कुलूप लावता लावता बाळाने शी केली आणि पुन्हा आत जावे लागले, एवढाच काय तो उशीर. थोरलीने स्वतःच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या आणि मधल्याचे बूटही कोणत्या पायाचा कोणता ते पाहून त्याच्यासमोर मांडून ठेवले.

बागेत पोहोचून वीस मिनिटे होतात न होतात तोच बाळाला भूक लागली. जन्मल्या वेळी त्याला वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचेच नीट दिसत असे, म्हणजे पिताना आईचा चेहरा दिसावा इतकेच. त्यामुळे तेव्हा ते कुठेही निमूटपणे पीत असे. आता त्याला झाडाच्या शेंड्यावरची हलणारी पानेही दिसतात. दोन घोट घ्यायचे, मागून कोणाची पावले वाजली की मान वळवून पाहायचे, पुन्हा दोन घोट घ्यायचे, मग पक्षी ओरडला की तिकडे पाहायचे. घरातल्या अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटांत उरकणारे पाजणे बाहेर अर्धा तास चालते. ही बाळाची वाढच आहे आणि ती पाहताना मला मनापासून आनंदही होतो, पण त्या अर्ध्या तासाची किंमत समोर उभे असलेले साडेतीन वर्षांचे मूल मोजत असते.

बाकावर शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारले, "ऊन आहे गं, दोन चमचे पाणी देत नाहीस का त्याला?" मी त्यांना सांगितले की सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे पाणीसुद्धा देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे त्याची तहान दुधानेच भागते. त्यांनी मान डोलावली, आपली छत्री उघडली आणि आम्हा दोघांवर सावली पडेल अशी धरून बसल्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हापासून जपायचे ते मलमाने नव्हे, सावलीने, हे मी वाचले होते. ती सावली अशी अनोळखी हातातून मिळाली.

मुलांचे बाबा फाटकाबाहेर बाबागाडी आणायला गेले होते. थोरली माझ्या पायाशी मेणकापडावर चित्र काढत होती. मधल्याने विचारले, "आता बदकं?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "थांब, पाच मिनिटं."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नाही थांबणार. तू नेतच नाहीस." आणि तो तळ्याच्या दिशेने धावला.

पुढचे सारे फार तर वीस सेकंदांत घडले असेल. बाळ अंगाशी, एक हात त्याच्या डोक्याखाली. उठून पळायचे म्हटले तरी लगेच उठता येईना. माझ्या हाकेने थोरलीने मान वर केली, वही टाकली आणि ती त्याच्यामागे धावली. तळ्याला कठडा होता, पण त्याच्या दोन गजांमधून एवढे मूल सहज पलीकडे जाईल. तिने त्याला कठड्यापाशी गाठले आणि सदऱ्याच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून ठेवले. मी बाळाला घेऊन तिथे पोहोचले तेव्हाही तिने सदरा सोडला नव्हता. पाण्यात पडलेले लहान मूल बहुधा आरडाओरडा करत नाही, हात मारून कोणाचे लक्ष वेधून घेत नाही, ते आवाज न करता बुडते; आणि जगभरात बुडून मृत्यू येण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये सर्वाधिक आहे. हे मला ठाऊक होते आणि त्या वीस सेकंदांत ते सारे एकदम आठवले.

मी त्याच्यावर रागावले. आवाज चढवला, त्याचा दंड जरुरीपेक्षा घट्ट धरला. तो घाबरला, पण गप्प बसला नाही. "मागच्या वेळी पण तू थांब म्हणालीस. मी थांबलो होतो," असे म्हणताना त्याचा गळा भरून आला आणि मग तो रडला, आठवडाभराचे रडला.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी मी पूर्वी वाचले होते, ते मला तिथे कठड्यापाशी आठवले. मुलांना आधी सांगण्यात आले की थोडे थांबलास तर याहून चांगले चित्रकलेचे साहित्य आणून देऊ. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले, निम्म्यांकडे मोठी माणसे रिकाम्या हाताने परतली. मग प्रत्येकापुढे खाऊ ठेवला आणि सांगितले की लगेच खाल्लास तर एवढाच, थांबलास तर दुप्पट. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, आणि ज्यांच्याशी तो मोडला गेला होता ती सरासरी ३ मिनिटे. वाचले तेव्हा मला त्यात कुतूहलापलीकडे काही वाटले नव्हते. आज माझ्यासमोर त्या दुसऱ्या गटातले मूल उभे होते, आणि त्याला त्या गटात मीच बसवले होते.

पाण्याकडे एकट्याने धावायचे नाही, हे मी त्याला डोळ्यांत पाहून पुन्हा बजावले. त्या बाबतीत माझे काही चुकले असे मला वाटत नाही आणि त्यात पुढेही सवलत नाही. पण थांबण्याची गोष्ट वेगळी होती, म्हणून तिच्याबद्दल वेगळे बोलले. मी त्याच्या उंचीला खाली बसले आणि म्हणाले, "मागच्या वेळी तू थांबलास आणि मी नेलं नाही. ते माझं चुकलं." तो लगेच काही बोलला नाही. नाक पुसले आणि बाळाच्या पायाला हात लावून पाहिला.

तेवढ्यात बाबा आले. मी त्यांना म्हणाले, "तू याला घे, आम्ही दोघं बदकं बघून येतो." त्यांनी बाळाला पोटाशी झोळीत बांधले. हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, नाक मोकळे आहे ना, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर आहेत ना, हे आम्ही दोघांनी एकदा पाहून घेतले, आणि मी मोकळ्या हातांनी मधल्याबरोबर चालू लागले. पाच महिन्यांत मी त्याच्याबरोबर दोन्ही हात मोकळे ठेवून चालले नव्हते. त्याने आधी एक हात धरला, मग थोड्या वेळाने पुढे येऊन दुसराही धरला आणि उलटा चालू लागला.

बदके सात होती. तो पाच वगळून मोजत असल्याने त्याची आठ झाली. काही बदके पाण्यात डोके बुडवून शेपटी आकाशाकडे करत होती, ते पाहून तो इतका हसला की त्याला उचकी लागली. मी सांगितले की ती तळाशी खायला शोधत आहेत. मग त्याने विचारले, "बदकाचं बाळ दूध पितं?" मी म्हणाले, नाही, अंड्यातून बाहेर आल्यावर एखाद्या दिवसातच ते आईमागे पोहायला लागते आणि स्वतःचे स्वतः खाते. त्याने बराच वेळ विचार केला. "मग त्याच्या आईला बसायला नको," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याला फक्त ते नीट समजून घ्यायचे होते. मी त्याला जवळ घेतले. आम्ही तिथे पाऊण तास होतो. एकदाही मी घड्याळ दाखवले नाही, कंटाळून आधी तोच म्हणाला, "चल, बाळाला सांगू या."

परत येऊन पाहतो तो आजी निघून गेल्या होत्या. छत्रीबद्दल आभार मानायचे राहून गेले.

येताना बाळ बाबागाडीत झोपले. थोरली त्याच्यावर दुपटे पांघरून गाडीचे तोंड झाकू पाहत होती. मी तिला थांबवले आणि सांगितले की वरून झाकले की आत हवा खेळत नाही, गाडी तापते आणि बाळाला सांगता येत नाही. तिने त्याच्या मानेमागे बोटे लावून घाम आलेला नाही हे पाहिले आणि मग छप्पर पुढे ओढले.

तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय आजचा दिवस पुरा होणार नाही. रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, "आई, मी त्याला धरलं नसतं तर?" दिवसभर ती बोलली नव्हती, आणि मीही तिला शाबासकी देऊन पुढच्या कामाला लागले होते. तिचे खालचे दोन दात पडले आहेत, म्हणून ती आम्हाला फार मोठी वाटू लागली आहे, इतकेच. ती बूट मांडते, दुपटे आणते, बाळाची मान तपासते, आणि आम्ही प्रत्येक वेळी "शहाणी गं माझी" म्हणून तिच्यावर आणखी थोडे सोपवतो. मी तिच्याशेजारी आडवी झाले आणि म्हणाले की तू धावलीस ते फार चांगले केलेस, पण भावाला राखणे हे तुझे काम नाही, ते आमचे आहे, आणि यापुढे पाण्याजवळ आमच्यापैकी एकाचे हात कायम मोकळे असतील. तिने विचारले, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." मग तिने माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. ती झोपल्यावरही मी बराच वेळ तो काढून घेतला नाही.

तिच्या बाबांशी बोलून एक ठरवले आहे. पाण्याजवळ किंवा रस्त्यालगत, एक जण पाजण्यात अडकलेला असताना दुसऱ्याने कशासाठीही लांब जायचे नाही. गाडी राहू दे, पिशवी राहू दे. आणि मधल्याला मिनिटे सांगायची नाहीत. पाच मिनिटे म्हणजे किती हे त्याला कळत नाही, पण कशानंतर काय हे नेमके कळते.

रविवार, सकाळ

ओळभरच लिहिते, बाळ उठेल.

न्हाऊन आल्यावर मी मधल्याला म्हणाले, "बाळाचं पिऊन झालं की तुझी गोष्ट." तो खोलीच्या दाराशी बसून राहिला आणि बाळाच्या गिळण्याचा आवाज ऐकत होता. आवाज थांबला तसा पुस्तक घेऊन आत आला. मी बाळाला गादीवर ठेवले आणि गोष्ट वाचली, शेवटच्या पानापर्यंत.

नंतर तो मोजे घालत असताना बाळ पलीकडे कुरकुरू लागले. "थांब हं," तो तिकडे न पाहताच म्हणाला, "माझे मोजे झाले की बुवा-कुक." एका मोज्याची टाच पावलावर आली होती, ती तशीच ठेवून तो उठला आणि गादीपाशी जाऊन दुपट्यामागे लपला.