आमची वाटचाल: दुसऱ्यानं बंद केलेले बोर्ड

सांगलीत आम्ही इलेक्ट्रिकलची कामं 2008 पासून घेतो. आयटीआय, मग एका ठेकेदाराच्या हाताखाली उमेदवारी, वायरमनचा परवाना, पुढे स्वतःचा ठेकेदारीचा परवाना, अशी चारचौघांसारखीच सुरुवात. पहिली कामं बिल्डरांची. तिथं पॉइंटवर रेट असतो: दिव्याचा एक, पंख्याचा एक, प्लगचा एक. डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डात) न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, वेगळ्या ठेवल्या का, स्क्रू आवळले का, याचा पॉइंट कुणी धरत नाही. रंगारी खोळंबलेला असताना डीबी घाईघाईत बंद होते, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं घर त्यावर चालतं. अशा बोर्डांनीच आम्हाला दुरुस्तीच्या धंद्यात आणलं.

विश्रामबागेतल्या एका घरचं काम नव्या पोरांना मी आवर्जून सांगतो. काकूंची तक्रार गीझरची. पाणी तापायला फार वेळ लागतो. कॉइल बदलून झाली, नंतर गीझरच नवा घेतला, तरी तेच. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि हो, कुणी आंघोळीला गेलं की फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येतात. पण तो जुनाच आहे."

डीबी उघडली. आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की लाइन तोडणारा खटका) होती, चांगल्या कंपनीची. टेस्टचं बटण दाबलं, खटका पडला, आणि दिवे तसेच चालू! येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरी वरच्याच टोकांना एकत्र आवळलेल्या. म्हणजे आरसीसीबी नुसती शोभेला. मग गीझर लावून अर्थिंगच्या हिरव्या वायरीभोवती करंट मोजायचा टाँग टेस्टर धरला. तिथं जवळपास शून्य यायला हवं. आले सहा अँपिअर.

झालं होतं असं. बाथरूममध्ये कपाट बसवताना ड्रिलनं भिंतीतली न्यूट्रल तुटली. आलेल्या वायरमननं पाइपातून नवी वायर ओढायचे कष्ट वाचवले आणि गीझरची न्यूट्रल अर्थिंगला जोडून दिली. परतीचा करंट जमिनीत जायला लागल्यावर आरसीसीबी पडायला लागली. पडणारच, ती त्यासाठीच असते. मग तिलाही 'डायरेक्ट' केलं. पुढे उन्हाळ्यात काळी माती भेगाळली, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि त्याचा रेझिस्टन्स दहा ओहमच्या घरात गेला. दोन किलोवॉटच्या गीझरची कॉइल साधारण साडेसव्वीस ओहमची. 230 व्होल्ट या दोघांत वाटले गेले: कॉइलला 165च्या आसपास, उरलेले साठ-पासष्ट अर्थिंगच्या पट्टीवर. तिथून ते फ्रिज, वॉशिंग मशीन आणि खुद्द गीझरच्या पत्र्यावर. गीझर निम्म्या ताकदीनं चालत होता आणि घर झटके देत होतं, दुखणं एकच. नळाचे पाइप प्लास्टिकचे होते म्हणून निभावलं. आम्ही नवी न्यूट्रल ओढली, आरसीसीबी रीतसर जोडली, सगळ्या सर्किटांना 500 व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरला. जुना गीझर मात्र तोवर भंगारात गेला होता, आणि त्याला काही झालेलं नव्हतं.

ऑगस्ट 2019च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर गावभागात घरोघरी एकच विचारणा, बोर्ड वाळवून चालेल का? वायर मेगरवर पास झाली तर ठेवता येते. चिखलात बुडालेली एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा खटका) किंवा आरसीसीबी नाही. धुऊन उन्हात ठेवली तरी आतल्या यंत्रणेत गाळ राहतो. दिवे लागतात, सगळं ठीक वाटतं, आणि नेमकी पडायच्या वेळी ती अडकून बसते. काही गिऱ्हाइकं चिडली: "पुरात सगळं गेलं, आणि तुम्ही माल खपवताय." त्यांचं चिडणं चूक नव्हतं. मग आम्ही माल त्यांनाच दुकानातून आणायला सांगितला आणि फक्त मजुरी घेतली. जिथं जमलं तिथं बोर्ड वरच्या मजल्यावर नेले. जुलै 2021ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा ते कोरडे राहिले. त्यानंतर जाहिरात करावी लागली नाही.

सगळ्यात जड गेलं ते तपासणीचे पैसे मागणं. वस्तू बदलली की बिल पटतं, दोन तास शोधून एक ढिला स्क्रू आवळला की, "एवढ्याशाचे एवढे?" यामुळेच कित्येक वायरमन शोधायच्या भानगडीत पडत नाहीत. एसीच्या लाइनवर 16 अँपिअरची एमसीबी पडते? 32ची बसवा. वायर तीच अडीच एमएमची (चौरस मिलिमीटर). एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, एसीसाठी नव्हे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? पडणं बंद झालं की तोही खूश. वायर मात्र भिंतीत तापत राहते.

आता तपासणीचा आकार आम्ही फोनवरच सांगतो. काही जण तिथंच फोन ठेवतात. काम झाल्यावर झाकणाच्या आत तक्ता चिकटवतो: कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, वायर किती एमएमची, कुठली न्यूट्रल कुठल्या आरसीसीबीची. "आरसीसीबी सारखी पडते, काढून टाका," असे फोन अजून येतात. काढून देत नाही. एवढंच विचारतो: गीझर लावल्यावर पडते, इन्व्हर्टर लागल्यावर, की पाऊस झाल्यावर? इन्व्हर्टर म्हटलं की बहुतेक वेळा न्यूट्रलची सरमिसळ, म्हणजे एका लाइनची न्यूट्रल दुसरीला जोडलेली. पाऊस म्हटलं की आधी गच्चीवरचा किंवा गेटवरचा दिवा बघायचा. पोरगं निघताना कुठली वायर बरोबर घ्यायची, ते तिथंच ठरतं.