आलेख-कागदावरच्या वाटण्या, नोंद चौथी : ब्रेनट्रीचे ॲडम्स

जुन्या अमेरिकी शेतकऱ्यांची मृत्युपत्रे वाचून त्यांतील जमिनीची वाटणी आलेख-कागदावर उतरवायची, या छंदातील माझे चौथे काम या महिन्यात बऱ्यापैकी पुढे सरकले. या खेपेस मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री गावचे डीकन जॉन ॲडम्स निवडले. डीकन हे चर्चमधील मानाचे पद; पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर शेती, आणि शेतीची कामे आटोपली की हिवाळ्यात जोडे शिवणे. २५ मे १७६१ रोजी इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते वारले, तेव्हा मागे पत्नी सुझॅना आणि जॉन, पीटर बॉइल्स्टन व इलायहू असे तीन मुलगे होते. थोरला जॉन पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. पण माझ्या कागदावर तो पंचवीस वर्षांचा, वकिलीत नुकता बस्तान बसवू पाहणारा मुलगा आहे आणि तेवढाच मला हवा आहे.

हे घर निवडण्याचे कारण म्हणजे येथे थोरल्याच्या वाट्याला कमी आले. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्या काळच्या मॅसॅच्युसेट्समध्ये विधवेला हयातीपुरता जमिनीचा तिसरा हिस्सा मिळे आणि उरलेल्यात थोरल्या मुलास इतरांच्या दुप्पट वाटा जाई. व्हर्जिनियात तर अशा वेळी सगळी जमीन थोरल्याकडेच जात असे. डीकनसाहेबांनी मात्र मृत्युपत्र केले आणि राहते घर व त्याभोवतीची शेती मधल्या पीटरला दिली. धाकट्या इलायहूला गावाच्या दक्षिण पॅरिशमधील (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) जमीन मिळाली, आणि जॉनला शेजारचे दुसरे घर व सुमारे ४० एकर. जॉन १७५५ साली हार्वर्डमधून पदवीधर झाला होता, आणि त्या शिक्षणावर झालेला खर्च हा त्याच्या वाट्यातच धरला गेला. आपल्याकडेही ‘तुझ्या शिक्षणाला घातले ते धर’ हे वाक्य वाटणीच्या बैठकीत ऐकू येते; फरक इतकाच, की येथे ते भांडणात नव्हे, तर मृत्युपत्राच्या हिशेबात आले. नुसते एकर मोजून कोणावर अन्याय झाला हे ठरवण्याची माझी पहिल्या तीन नोंदींमधील सवय या एका कलमाने मोडली, आणि त्या नोंदी आता पुन्हा तपासाव्या लागणार आहेत.

आता मोजणीकडे वळतो, कारण माझा अर्धा महिना तिच्यातच गेला. त्या काळच्या कागदांत अंतर ‘रॉड’मध्ये येते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि १६० चौरस रॉडांचा एक एकर. साडेसोळा दुणे तेहतीस, आणि तेहतीस फूट चौरस म्हणजे आपला गुंठा, हे लक्षात आले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून चहा करून घेतला. चार चौरस रॉडांचा नेमका एक गुंठा होतो, चाळीस गुंठ्यांचा एकर. दशांशाची कटकटच उरत नाही. म्हणून दोन मिलिमीटरचा एक चौकोन म्हणजे एक गुंठा, असे माप धरले. मात्र त्याआधी पहिल्या तावावर मी रॉड सोळा फुटांचाच धरला होता. अर्ध्या फुटाने काय बिघडते असे वाटले, पण क्षेत्रफळात ती चूक दोनदा गुणली जाते आणि जॉनच्या ४० एकरांतले सुमारे ९५ गुंठे बेपत्ता झाले. तो ताव रद्दीत गेला.

नव्या तावावर जॉनची घरालगतची दहा एकर जमीन वीस बाय वीस चौकोनांत चोख बसली. उरलेल्या तीसएक एकरांत फळबाग, कुरण, झाडी आणि दलदल आहे. दलदल म्हणजे बापाने मुलाच्या गळ्यात मारलेला निरुपयोगी तुकडा, असे मला आधी वाटले होते. पण १७६२ च्या शरद ऋतूतील जॉनची रोजनिशी पाहिली, तर हा वकील दिवसभर मनाने फळबागेतून कुरणात, कुरणातून दलदलीत आणि तेथून घर-गोठ्याकडे हिंडतो आहे. दलदल साफ करण्याचे आणि दगडी कुंपण बांधण्याचे काम त्याने ठरवून दिले आहे, आणि त्यातल्या एका गड्याच्या वाट्याचे कुंपण आहे सोळा रॉडांचे. सोळा रॉड म्हणजे २६४ फूट, माझ्या कागदावर बरोबर आठ चौकोनांची कड. तेवढी रेघ मी काळ्या शाईने जाड काढली.

दोन्ही घरे एकमेकांपासून अवघ्या ७५ फुटांवर आहेत, म्हणजे कागदावर सव्वादोन चौकोन. ती आजही उभी आहेत. १७९२ साली गावाचा तो भाग क्विन्सी या नावाने वेगळा झाला. जॉन व ॲबिगेल लग्नानंतर वाटणीतल्या घरात राहिले, आणि त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स तेथेच ११ जुलै १७६७ रोजी जन्मला.

वाटणीनंतर तेरा वर्षांनी, फेब्रुवारी १७७४ मध्ये जॉनने पीटरकडून वडिलांचे घर विकत घेतले. त्याच्याच नोंदीप्रमाणे घर, गोठा व भोवतालची ३५ एकर जमीन, शिवाय नॉर्थ कॉमन नावाच्या भागातील १८ एकर कुरण, हे सारे मिळून ४४० पौंड पडले. हे ५३ एकर म्हणजे २,१२० चौकोन. पीटरचा हिरवा रंग खरवडून तेथे जॉनचा पिवळा भरण्याचा मोह झाला होता. त्याऐवजी हिरव्यावर पिवळ्या तिरप्या रेघा मारल्या, म्हणजे कोणाचे काय होते आणि पुढे कोणाकडे गेले हे दोन्ही दिसते. कुरणाचा आकडा जॉनने वेगळा दिला आहे, म्हणून त्यावरच्या रेघा उलट्या बाजूने.

इलायहूचा तुकडा अजून कागदावर आलेला नाही. दक्षिण पॅरिश या घरांपासून काही मैल दूर आहे आणि माझ्या मापाने एका मैलाला ३२ सेंटिमीटर लागतात. आणखी तावांची लांब पट्टी जोडावी लागेल. त्यासाठी खळ शिजवून ठेवली आहे आणि टेबलावरचे सामान हलवायला घेतले आहे.