एक पान जास्तीचं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर एक शाळा होती. गल्लीतली सगळी पोरं तिथंच जायची. मला मात्र आबांनी, माझ्या वडिलांनी, जून १९९५ मध्ये पाचवीसाठी शिवाजी पेठेत, ज्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी हे लिहितोय त्या आपल्या शाळेत घातलं. उमा टॉकीज, मिरजकर तिकटी, खासबाग असा रोजचा सायकलचा रस्ता. प्रवेशाचा फॉर्म काकांनी भरला होता. पहिल्या दिवशी आबा सोडायला आले, पण फाटकापाशीच थांबले. "जा की आत," म्हणाले आणि मी व्हरांड्यात पोहोचेपर्यंत तिथंच उभे राहिले. पुढच्या पाच वर्षांत पालकसभा झाल्या, स्नेहसंमेलनं झाली, एकदा मला वक्तृत्वाची ढाल मिळाली. आबा फाटकाच्या आत आले नाहीत.

आमच्या घरात अशा बऱ्याच गोष्टी होत्या, ज्यांचं कारण कुणी सांगत नसे आणि मी विचारत नसे. मला अनवाणी फिरायला बंदी होती. अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडलो की आधी चप्पल. सायकलवरून पडून गुडघा खरचटला तरी आबा हातातलं काम टाकून मला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला न्यायचे. डॉक्टर म्हणायचे, अहो, गेल्याच वर्षी दिलंय. आबा ऐकायचे नाहीत. त्यांची शिवाजी उद्यमनगरात छोटी शेड होती, दोन लेथ आणि एक ड्रिल, ऑइल इंजिनचे सुटे भाग करून द्यायचे. त्या शेडमध्ये मी पाय ठेवायचा नाही, हा तर कायदाच. गल्लीतल्या इतर पोरांचे बाप सुट्टीत त्यांना कारखान्यावर घेऊन जात. मला आबा एवढंच म्हणत, "तू डॉक्टर व्हायचं. लोखंडाला हात लावायचा न्हाई." मला वाटायचं, मी त्यांच्या कामाच्या लायकीचा नाही.

आणि पितृपंधरवड्यात आई कावळ्यासाठी आजोबांचं पान वाढायची, त्याच्या शेजारी एक लहान पान ठेवायची. त्यावर बुंदीचा लाडू असायचा. आजोबांना मधुमेह होता हे मला माहीत होतं.

मराठीच्या बाई आम्हाला आठवीपासून होत्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचं असेल त्यांच्यासाठी त्या तासभर वाचन घ्यायच्या. आम्ही सात-आठ जण थांबायचो. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० पासूनचं ग्रंथालय. तिथल्या स्वतःच्या कार्डावर बाई पुस्तकं आणायच्या आणि कुठलीही कथा वाचून झाली की आधी एकच विचारायच्या, "या घरात काय बोलत नाहीत?" कथानक काय, संदेश काय, हे नाही. या घरातली माणसं कशाबद्दल बोलायचं टाळतात ते शोधा, आणि ते न बोलण्याचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला होतो ते बघा.

खांडेकर आणि शिवाजी सावंत हे बाईंना घरच्यासारखे. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं मास्तरकी करून खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. मूळचे सांगलीचे गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले. बाई म्हणायच्या, ज्याचं नाव आणि बाप दोन्ही बदललं, त्याला बापलेकाची गोष्ट लिहावीशी वाटणारच. 'ययाति' १९५९ मध्ये आली आणि १९७४ मध्ये मराठीला पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांमुळं मिळालं, हे आम्हाला सामान्यज्ञान म्हणून पाठ होतंच. बाईंनी आम्हाला वेगळंच दाखवलं. त्या कादंबरीत ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. बापाला स्वतःचं तारुण्य देणारा पुरू निवेदक नाही. "किंमत मोजली त्याला एकही प्रकरण नाही. का नसेल?" असं विचारून त्या गप्प बसल्या. तासभर आम्ही भांडलो. मी त्या दिवशी पुरूच्या बाजूनं इतका तावातावानं का बोललो, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

'मृत्युंजय' तर आमच्या जिल्ह्यातलीच वाटायची. सावंत आजऱ्याचे, इथंच राजाराम प्रशालेत शिक्षक होते आणि १९६७ मध्ये कादंबरी आली तेव्हा सत्तावीस वर्षांचे. तिथं कर्ण बोलतो आणि कुंतीही बोलते. ज्या बाईनं गुपित ठेवलं तिलाही स्वतःच्या तोंडानं सांगायला मिळतं, हे बाईंना फार मोलाचं वाटायचं. मूळ महाभारतातला एक प्रसंग त्यांनी आम्हाला सांगितला होता. युद्ध संपलंय, गंगेच्या काठी पांडव आपल्या मेलेल्या माणसांना पाणी देतायत, आणि तेव्हा कुंती म्हणते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला. इतकी वर्षं गिळलेली गोष्ट ती तिथं, पाण्याच्या काठावर सांगते. "जिवंतपणी आपलं म्हणता आलं नाही. निदान पाणी तरी त्याच्या नावानं पडावं," बाई म्हणाल्या. तो प्रसंग माझ्या मनात घट्ट बसला.

२००० साली शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. मी नववीत. माजी विद्यार्थ्यांना निमंत्रणं पाठवायची होती, म्हणून जनरल रजिस्टरांवरून नावं आणि पत्ते उतरवून काढायचं काम निघालं. अक्षर बरं म्हणून आम्हा चौघांना घेतलं. वर्षं बाईंनी वाटून दिली. माझ्याकडं १९८० ते १९९० आली. ऑफिसशेजारच्या खोलीत बसून आम्ही लिहायचो, कापडी बांधणीची ती जाड रजिस्टरं, पानं कडेनं तपकिरी झालेली.

१९८४ च्या पानावर एक नाव होतं. मधलं नाव आबांचं, आडनाव आमचं, पत्ता शिवाजी पेठेतला, इयत्ता पाचवी, प्रवेश जून. शेवटच्या रकान्यात लाल शाईत तारीख होती, १९ नोव्हेंबर, आणि पुढं 'मयत' असा एक शब्द.

माझा जन्म १९८५ च्या डिसेंबरातला.

मी किती वेळ बसलो होतो, आठवत नाही. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातलं पेन घेतलं, शेजारी बसल्या आणि ते पान त्यांनी स्वतः उतरवून काढलं, सगळी नावं, शेवटपर्यंत. मग पेन परत दिलं आणि पुढचं पान उलटलं. वर्षं वाटून देताना ते पान माझ्या वाट्याला येणार हे त्यांना ठाऊक होतं का, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. १९८४ मध्ये त्या पाचवीला शिकवत होत्या, एवढं मला नंतर समजलं.

मी घरी गेलो आणि काही बोललो नाही. काकांना मात्र गाठलं. काकांनी अंगणातच, इकडं तिकडं बघत सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत थोरला आबांबरोबर शेडवर गेला होता. अनवाणी. पायात गंजक्या पत्र्याचा तुकडा घुसला. हळद लावून बांधलं, दोन दिवसांत चालायलाही लागला. आठवड्यानं जबडा आवळायला लागला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. महिन्याभरात आबांनी पेठेतलं घर सोडलं आणि सगळ्या पै-पाहुण्यांना हात जोडून सांगितलं, ह्याचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. लोकांनी ते पाळलं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यानं पंधरा वर्षं पाळलं. "तुला म्हाईत झालं हे तुझ्या बापाला कळू देऊ नगं," काका म्हणाले. म्हणजे त्या दिवसापासून मीही त्या पाळणाऱ्यांतला एक झालो.

मी आता कथा लिहितो, कथा शिकवतो, आणि विद्यार्थ्यांच्या शेकडो कथा वाचतो. त्यांत घरातलं गुपित फार वेळा येतं. माळ्यावरच्या ट्रंकेत पत्र सापडतं, नाहीतर मरताना आजी सांगते, आणि तिथं कथा संपते. मला ते पटत नाही. मलाही कागदच सापडला होता, पण त्या कागदानं मला नवं फार थोडं सांगितलं. चप्पल, इंजेक्शन, लाडूचं पान, फाटकापाशी थांबणारा बाप, हे सगळं मला आधीच माहीत होतं. कागदानं त्याला फक्त एक नाव दिलं. गुपित घरात लपवलेलं नसतं, ते रोज वापरात असतं, भांड्यासारखं. खरी कथा सापडल्यानंतर सुरू होते. आता ज्याला कळलंय तो जेवायला बसताना बापाकडं कसा बघतो? आपल्याला इतका धाक घालणारा माणूस रात्री झोपेत का दचकतो हे कळल्यावर, मुलानं त्याच्यावर रागावायचं कसं?

कारण राग होता. बारावीला मला मेडिकलपुरते गुण पडले नाहीत. मी बी.ए.ला मराठी घेतलं आणि आबा माझ्याशी जवळजवळ वर्षभर धड बोलले नाहीत. त्यांनी डॉक्टर का मागितला हे मला माहीत होतं. उशीर न करणारा डॉक्टर त्यांना घरातच हवा होता. हे समजत असूनही त्यांचं गप्प बसणं मला सहन होत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

२००९ मध्ये माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली. मुलावर आपली स्वप्नं लादणारा एक कठोर बाप, असा तिचा विषय. अंक घेऊन मी बाईंकडं गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या, रंकाळ्याच्या बाजूला राहायच्या. त्यांनी माझ्यासमोर कथा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "भाषा चांगली आहे. पण ह्या बापाला काय झालंय ते तुला माहीत आहे, आणि तू ते लिहिलं नाहीस. त्याला नुसता वाईट करून सोडलास." मी म्हणालो, बाई, ते लिहिलं तर घरात वाचतील. त्या म्हणाल्या, "मग थांब. पण खोटा बाप लिहू नकोस." मी नऊ वर्षं बापाची कथा लिहिली नाही. आजही कुणाच्या कथेत बाप एकाच रंगाचा दिसला, की मी समासात प्रश्नचिन्ह काढतो.

आबा जानेवारी २०१८ मध्ये गेले. पंचगंगेच्या स्मशानभूमीत, गावातल्या लोकांनी दान दिलेल्या शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, त्यांना अग्नी दिला. आपल्या कोल्हापुरात ही रीत आहे, होळीला शेणी जाळण्याऐवजी स्मशानाला पोहोचवतात, आणि अंत्यसंस्काराला महापालिका पैसे घेत नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमली. मी नदीत उभा राहून ओंजळीनं पाणी सोडत होतो. काठावरून आईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"दोघांला सोड."

मी वळून बघितलं. तिनं पदर नीट केला आणि थोरल्याचं नाव घेतलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. काकांनी मान खाली घातली. मी पुन्हा ओंजळ भरली. मला ते नाव माहीत आहे याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. ती मला पुढं एकदा म्हणाली, सुवर्णमहोत्सवाच्या साली तू चार दिवस नीट जेवला न्हाईस, तेव्हाच मला समजलं.

मग ती आपणहून बोलायला लागली. थोरल्याला बुंदीचा लाडू आवडायचा. त्याचं अक्षर माझ्याहून वाईट होतं. आणि सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका घरी पोस्टानं आली तेव्हा त्यात शेवटी दिवंगत माजी विद्यार्थ्यांची यादी होती, बाईंनी उतरवलेल्या पानावरची नावंही त्यात होती. मी शाळेत असताना आबांनी दुपारी शेड बंद करून घरी येऊन ती यादी आईला वाचून दाखवली होती. एकच नाव न्हाई, ती म्हणाली, सगळी यादी वाचली, आणि आपलं नाव आलं तेव्हा थांबले न्हाईत, पुढं वाचत गेले.

या अमृतमहोत्सवी स्मरणिकेतही तशी यादी असेल, असं संपादक मंडळानं कळवलं आहे. माझी एवढीच विनंती आहे की १९८४ च्या पाचवीतलं ते नाव याही वेळी राहावं. आईला मोतीबिंदू आहे, तिला आता छापील अक्षर दिसत नाही. अंक हाती आला की मी वाचून दाखवणार आहे, पहिल्या नावापासून.